साठीनंतर गालफडं चरबीने भरणं : कुणाला हो म्हणायचं, किती भरायचं, कुठे हात आखडायचा?

गावचा_दवाखाना

जनरल प्रॅक्टिसमधला प्रश्न आहे. प्लास्टिक सर्जन आणि भूलतज्ज्ञ मंडळींनी सविस्तर लिहिलं तर उपकार होतील.

"पोटाची चरबी काढून गालात भरतात म्हणे, करू का?" हे विचारायला साठी ओलांडलेले पेशंट आधी फॅमिली डॉक्टरकडेच येतात. हातात पत्रक असतं आणि त्यावर 'एका तासात, टाके नाहीत, कायमस्वरूपी' एवढंच. वय, औषधं, आजार यांबद्दल अवाक्षर नसतं.

नमुना म्हणून अशी केस धरा. बाई, वय ६८, वजन ५४ किलो. मधुमेह, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ७.६. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या धमनीत स्टेंट, सध्या अ‍ॅस्पिरिन ७५. शिवाय रक्तदाबाला टेल्मिसार्टन, मधुमेहाला मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. पूर्वी गर्भपिशवी काढलेली, पोटावर उभा व्रण. खालची कवळी सैल होते म्हणून डब्यातच असते. कानशिलं खोल, गालफडं बसलेली, डोळ्यांखाली खळगे.

अशांना पाठवायचं की नाही? पाठवलं तर आधी काय तपासून, कुठली औषधं बंद करून? प्रत्यक्ष किती मिलिलिटर भरतात आणि त्यातलं किती टिकतं? आणि बिघडतं ते नेमकं कशाने?

---

सुईदोरा

पहिल्यांदा हे ठरवा की चेहऱ्यातून नेमकं काय गेलंय. चरबी गेलीय, हाड झिजलंय, दात गेलेत, की माणूसच खंगतोय? चारही गोष्टींत गाल बसलेलेच दिसतात, चरबीने भरून निघते त्यातली एकच.

खंगण्याचं आधी बघतो. सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल आणि त्याला कारण सापडत नसेल, तर सौंदर्याची गोष्ट बाजूला ठेवायची. साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), छातीचा एक्सरे, हिमोग्लोबिन, आणि पुढे जे लागेल ते. बाई वजनाचा आकडा सांगणार नाहीत, पण "ब्लाउजला टिपा घालाव्या लागल्या का?" याचं उत्तर बरोबर देतील. कानशिलाच्या खड्ड्यावर बोट ठेवून दात आवळायला सांगा. स्नायू बोटाखाली भरदार फुगला तर कमी झालीय ती चरबी. नुसताच पातळ पडदा हलल्यासारखा लागला तर स्नायू वाळलाय, आणि त्याचं कारण शोधायला हवं.

आता चरबीबद्दल. चेहऱ्यावरची चरबी म्हणजे सलग गादी नव्हे, पडद्यांनी वेगळे केलेले कप्पे आहेत. रॉरिक आणि पेसा या संशोधकांनी २००७ मध्ये शवांवर रंग टोचून हे दाखवलं. उतरत्या वयात गालाचे खोल कप्पे रिकामे होतात, वरची कातडी आणि वरचे कप्पे आधार सुटल्यासारखे खाली लोंबतात. जोडीला डोळ्याच्या खोबणीची कड आणि वरचा जबडा मागे सरकतो. म्हणून भरायचं ते खोल, हाडालगत आणि खोल कप्प्यात. कातडीखाली वरवर भरलं तर गुळगुळीत टम्म तोंड तयार होतं, वय काही कमी दिसत नाही.

लोंबणारी कातडी चरबीने वर जात नाही. जुन्या खोळीत कापूस कोंबून सुरकुत्या घालवता येतात, पण मग ती उशीच दिसते. जबड्याखाली कातडी चिमटीत भरपूर येत असेल तर फेसलिफ्टबद्दल (कातडी ओढून घेण्याच्या ऑपरेशनबद्दल) बोलावं किंवा 'आहे ते ठीक आहे' असं सांगावं. गालाच्या हाडावर पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी दिसत असेल, सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, तर तिथे एक थेंबही घालू नये. ती सूज असते, चरबी घातली की कायमची होते.

प्रमाण. एका बाजूचं, शुद्ध केलेल्या चरबीचं लिहितो :

कानशील ३ ते ६ मि.लि. गालाचा खोल भाग ३ ते ६. डोळ्याखालचा खळगा ०.५ ते १, आणि साठीनंतर या मापाच्या खालच्या टोकालाच राहायचं. नाकापासून ओठाच्या कडेला उतरणारी घडी १ ते २. जबड्याची कड २ ते ४. हनुवटी मधोमध २ ते ३.

दोन्ही बाजूंचं सगळं मिळून २० ते ४० मि.लि. होतं. त्यासाठी पोटातून किंवा मांडीच्या आतून साधारण दुप्पट-अडीचपट काढावं लागतं, कारण वेगळं करताना निम्म्याहून जास्त पाणी, रक्त आणि तेल निघतं. ५४ किलोच्या बाईकडे तेवढीही चरबी नसू शकते. म्हणून काढायची जागा पेशंटला उभं करून चिमटीने आधी बघायची, टेबलावर शोधत बसायचं नाही.

टिकण्याचं प्रमाण ३० ते ७० टक्के एवढं रुंद आहे. जो छातीठोक एकच आकडा सांगतो त्याच्यापासून जपून राहा. वय वाढलं की चरबी कमी टिकते का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पण नियंत्रणाबाहेरची साखर, तंबाखू आणि विकिरण घेतलेली कातडी यांनी टिकणं घटतं. मशेरीसुद्धा तंबाखूच आहे. "मी तंबाखू खात नाही हो" म्हणणारी आजी सकाळी मशेरी लावते, आणि तो प्रश्न नाव घेऊनच विचारावा लागतो. चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद.

म्हणून या वयात थोडं भरा, चार ते सहा महिन्यांनी बघा, लागलं तर पुन्हा. 'निम्मी विरघळणारच आहे' म्हणून दुप्पट भरणाऱ्याचे पेशंट नंतर चरबी काढायला येतात. चेहऱ्यातून ती काढणं हे भरण्याच्या दसपट अवघड काम आहे.

---

कवळी_आणि_कॅप

दंतवैद्य इथे हजर आहे. सुईदोरा सरांच्या पहिल्या परिच्छेदातला 'दात' हा शब्द मोठ्या अक्षरात वाचावा.

खालची कवळी डब्यात म्हणजे जबडा मिटताना जास्त वर येतो, चेहऱ्याच्या खालच्या तिसऱ्या भागाची उंची कमी होते. हनुवटी पुढे आणि वर सरकते, ओठ आत वळतात, तोंडाच्या कोपऱ्यांना घड्या पडतात आणि तिथे लाळ साचून चिरा जातात. ही उंची चरबीने परत येत नाही. दात काढल्यावर जबड्याची कड झिजत जाते ती वेगळीच, आणि खालच्या जबड्यात झीज वरच्यापेक्षा जास्त.

आधी नीट बसणारी कवळी करून घ्या, पुढची कड ओठाला टेकू देईल एवढी जाड. खालची काही केल्या बसतच नसेल तर पुढे दोन इम्प्लांट घालून त्यावर बटणाने कवळी अडकवतात. गाल अगदीच आत असतील तर वरच्या कवळीच्या बाजूला भर देता येते, तिला आम्ही गालफुगी म्हणतो. आणि हे सगळं चरबी भरण्याच्या आधी. उलट्या क्रमाने केलं तर नवी कवळी बसल्यावर ओठाभोवती भरलेलं सगळं जास्त दिसू लागतं.

मापं घेतानाचे फोटोही कवळी घालूनच काढा. बिनाकवळीचा 'आधी' आणि कवळी घातलेला 'नंतर' असा फोटो जाहिरातीत दिसला तर अर्धं श्रेय दंतवैद्याला द्या :)

---

भूलवाला_मिरज

औषधांचं बोलतो. या ऑपरेशनात चाकू जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण शरीरात जाणारं औषध तेवढं लहान नसतं.

चरबी काढायच्या जागी भरतात ते पाणी : रिंगर लॅक्टेट ५०० मि.लि., त्यात २ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) १२.५ मि.लि. म्हणजे २५० मिलिग्रॅम, आणि १:१००० अ‍ॅड्रेनलिन अर्धा मि.लि. यातून लिग्नोकेन ०.०५ टक्के आणि अ‍ॅड्रेनलिन दहा लाखांत एक मिळतं. चेहऱ्यासाठी ६०-७० मि.लि. चरबी काढायची तर यातलं दीडशे ते अडीचशे मि.लि. पुरतं, म्हणजे फार तर १२५ मिलिग्रॅम. हे काहीच नाही.

घोटाळा होतो तो बेरीज न केल्याने. चेहऱ्यावर नसा बधिर करणारे ब्लॉक द्यायला आणखी २ टक्के १० मि.लि. उघडतात, म्हणजे २०० मिलिग्रॅम. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, तिथून औषध लवकर रक्तात जातं. पोटाच्या चरबीतून सावकाश जातं, कमाल पातळी बारा तासांच्या आसपास येते, म्हणजे बाई घरी झोपलेल्या असताना. पातळ द्रावण चरबीत टोचताना किलोमागे ३५ मिलिग्रॅम ही क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९९० मध्ये मांडलेली मर्यादा सगळे तोंडपाठ म्हणतात. ती धडधाकट माणसासाठी आणि फक्त चरबीतल्या पातळ द्रावणासाठी आहे. ब्लॉकला ती लावायची नाही, तिथे अ‍ॅड्रेनलिनसह किलोमागे ७ मिलिग्रॅमच. साठी-सत्तरीत यकृताकडे जाणारं रक्त कमी होतं, हृदय थकलं असेल तर आणखी कमी, म्हणून एकूण मर्यादा तिसऱ्या हिश्शाने तरी खाली आणावी. अ‍ॅमिओडॅरोन, प्रोप्रॅनोलॉल, क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर आणखी कमी.

विषबाधेची सुरुवात जिभेच्या शेंड्याला मुंग्या, तोंडात लोखंडी चव, कानात गुणगुण, उगाच बडबड अशी होते. गाढ झोपवलेल्या पेशंटमध्ये यातलं काहीच कळत नाही, थेट झटका येतो. २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण, या विषबाधेवरचा उतारा) खोलीत हवं, फार्मसीत नव्हे. ५४ किलोला आधी ८० मि.लि. दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला साडेतेरा मि.लि. चरबीच्या ऑपरेशनात बिघडलं तर उतारा चरबीचाच, हा योगायोग गंमतीचा आहे, पण बाटली नसेल तेव्हा गंमत वाटत नाही.

अ‍ॅड्रेनलिनची अ‍ॅम्प्युल १ मि.लि.त १ मिलिग्रॅम असते. ती कुणी मोजली हे बाटलीवर लिहून चिकटवा. दहापट चूक याच ठिकाणी होते, आणि स्टेंटवाल्या हृदयाला ती सोसत नाही. प्रोप्रॅनोलॉलवरच्या पेशंटमध्ये अ‍ॅड्रेनलिनने रक्तदाब वर उसळतो आणि नाडी मंदावते. मेटोप्रोलॉलमध्ये हा धोका बराच कमी.

आता डॉक्टर, तुमच्या केसची गोळ्यांची पिशवी :

अ‍ॅस्पिरिन स्टेंटसाठी आहे. चालू ठेवायची. गाल जास्त काळेनिळे होतील, होऊ देत. 'ऑपरेशन आहे म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सात दिवस बंद' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप या प्रकरणातला सगळ्यात महागडा निरोप ठरू शकतो. नवीन स्टेंट, दोन गोळ्या चालू, तर ऑपरेशनच पुढे ढकला. हौसेच्या कामासाठी क्लोपिडोग्रेल (स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी) मध्येच तोडायची नसते. वॉरफरिन किंवा अपिक्साबान ही रक्ताची गुठळी रोखणारी औषधं असतील तर बंद करायचं की नाही ते हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी द्यावं, सर्जनने किंवा रिसेप्शनने नव्हे.

डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद. उपाशीपोटी या गोळीने साखर नॉर्मल दिसत असतानाच कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होतो. मळमळ आणि धाप 'भुलीचा त्रास' म्हणून सोडून दिली जाते. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन त्या दिवशी सकाळी नको. मधुमेहासाठी किंवा वजन उतरवायला आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन कुणी घेत असेल तर आवर्जून विचारा, पोट उशिरा रिकामं होतं आणि झोपेच्या औषधात उलटी छातीत जाण्याची भीती असते. आणि पिशवीच्या तळाशी असतात त्या 'औषध नसलेल्या' गोष्टी : माशाचं तेल, लसणाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, गुग्गुळ. दोन आठवडे आधी बंद. त्यांना पेशंट औषध मानत नाही, म्हणून यादीत येत नाहीत.

झोपेचं औषध जेमतेम. मिडाझोलॅम अर्धा ते एक मिलिग्रॅम द्या, दोन-तीन मिनिटं थांबा, मग पुढचं. एकदम दोन दिलं तर श्वास थांबतो किंवा बाई उलट गोंधळून उठून बसतात. पूर्ण भूल लागणार असेल तर मी विचारेन की मग एवढं का भरताय.

---

गावचा_दवाखाना

हे एवढं कुणी एका जागी लिहिलेलं पाहिलं नव्हतं. दोन उपप्रश्न. पत्रकांवर 'स्टेम सेलयुक्त चरबी' असतं, ते काय प्रकरण आहे? आणि 'उरलेली चरबी आम्ही गोठवून ठेवतो, पुढच्या वेळी पुन्हा काढावी लागत नाही' हे खरं का?

---

सुईदोरा

दोन्हींना एकत्र उत्तर देतो, आणि प्रक्रियाही सांगतो म्हणजे पत्रक वाचताना उपयोग होईल.

पद्धत न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी बसवली, आजही बहुतेक जण थोड्याफार फरकाने तीच वापरतात. १० मि.लि.ची सिरिंज, तिला ३ मि.मी. जाडीची बोथट कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी. दट्ट्या हाताने एक-दोन मि.लि. एवढाच मागे ओढायचा. मशीनच्या पूर्ण दाबाने ओढलं तर पेशी फुटतात आणि सिरिंजमध्ये वर पिवळं तेल जास्त दिसतं. तेल म्हणजे मेलेली चरबी. मग सिरिंज सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३००० फेऱ्यांवर तीन मिनिटं. तीन थर होतात : वर तेल, मध्ये चरबी, खाली रक्त आणि टोचलेलं पाणी. खालचं सोडून द्यायचं, वरचं तेल ओतून उरलेलं निर्जंतुक पट्टीने टिपून घ्यायचं. मधली चरबी १ मि.लि.च्या सिरिंजमध्ये भरायची, सिरिंजना लॉकचं तोंड हवं. साध्या तोंडाची कॅन्युला जोर लागला की निसटून उडते आणि एका दणक्यात अख्खा मि.लि. आत जातो.

भरताना कॅन्युला बोथटच, ०.९ ते १.२ मि.मी. आत नेताना दट्ट्याला हात नाही, बाहेर काढता काढता सोडायचं. एका फेरीत ०.१ मि.लि.पेक्षा जास्त नाही, डोळ्याजवळ त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं. कारण साधं आहे. नव्या जागी पहिले दोन दिवस चरबीला रक्तवाहिनी नसते, आजूबाजूच्या रसावर ती तगते. हा रस थेंबाच्या बाहेरच्या मिलिमीटरच्या अंशापर्यंतच पोचतो. थेंब मोठा झाला की मधला भाग उपाशी मरतो आणि तिथे तेलाची पुळी किंवा कडक गाठ होते. 'चरबी विरघळली' असं पेशंट म्हणतो तेव्हा बहुतेकदा ती एका जागी ढीग करून ओतलेली असते.

आता गोठवणं. साध्या फ्रीझरमध्ये पेशी मरतात. सहा महिन्यांनी ती वितळवून टोचली तर मृत चरबी टोचता, आणि तिच्याबरोबर गाठी आणि संसर्ग. पुढच्या वेळी ताजीच काढायची. 'गोठवून ठेवतो' हे वाक्य ऐकलं की तिथून उठावं, असं माझं सरळ मत.

स्टेम सेल. काढलेल्या चरबीत त्या पेशी मुळातच असतात, झुक या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ते दाखवलं. त्या अर्थाने प्रत्येक चरबी 'स्टेम सेलयुक्त'. पण एन्झाइम घालून त्या वेगळ्या काढून परत मिसळणं ही वेगळी गोष्ट आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण वगैरे मोजके मान्य उपचार सोडले तर स्टेम सेल मंजूर चाचणीतच वापरता येतात, पैसे घेऊन विकता येत नाहीत. नॅनोफॅट म्हणजे चरबी बारीक चाळणीतून घुसळून केलेला रस. त्याने कातडीचा पोत सुधारू शकतो, पण खड्डा भरत नाही. त्यात अख्ख्या चरबीच्या पेशी जवळजवळ उरतच नाहीत. दोन्हींचे पैसे वेगळे लावले असतील तर विचारा कशाचे.

आणि पोटावरचा उभा व्रण. पिशवीच्या जुन्या व्रणाखाली हर्निया दडलेला असू शकतो. बाई उताण्या झोपल्या की आत जातो, दिसत नाही. कॅन्युला आंधळी असते, ती आतड्यात जाऊ शकते. उभं करून खोकायला लावा आणि पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी करून घ्या. शंका असेल तर पोट सोडा, मांडीच्या आतून किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूने काढा.

---

कातडीवाला

त्वचारोगतज्ज्ञ म्हणून थोडा विरोध नोंदवतो. ५४ किलोच्या, स्टेंटवाल्या, मधुमेही बाईंना चरबी हा पहिला पर्याय का? हायलुरॉनिक फिलर (टोचून भरायची तयार जेल) अर्ध्या तासात, झोपेच्या औषधाशिवाय, आणि आवडलं नाही तर हायलुरोनिडेज या एन्झाइमने विरघळवता येतो. चरबीला असा उतारा नाही. पाच-सहा मि.लि.त कानशिलं आणि गाल बरे दिसतात.

दुसरी गोष्ट, पेशंटने आधी कुठे काय टोचून घेतलंय ते विचारा. कायमस्वरूपी फिलर किंवा सिलिकॉन असेल तर त्यात चरबी घालणं म्हणजे निखाऱ्यावर तूप. आणि पूर्वीचं हायलुरॉनिक असेल तर आधी विरघळवून दोन-तीन आठवडे थांबा, नाहीतर काय कुणाचं हे कळत नाही.

---

सुईदोरा

या एका केसपुरतं मान्य. कमी लागत असेल आणि हृदयाचा इतिहास असेल तर फिलरने सुरुवात करण्यात काहीच गैर नाही. पण २५ मि.लि.ची कमतरता फिलरने भरायची तर खर्च दर वर्ष-दीड वर्षाला पुन्हा, आणि डोळ्याखाली फिलर पाणी धरतो. चरबी टिकली की टिकली. अर्थात तीही वजनाबरोबर हलते. पोटाची चरबी गालात बसली तरी पोटासारखीच वागते : सात-आठ किलो वाढले तर गाल फुगतात, स्टिरॉइड चालू झाले तरी फुगतात, सेमाग्लुटाइडने वजन उतरलं तर बसतात. वजन निदान सहा महिने स्थिर असल्याशिवाय भरू नये.

दोन्हींचा एक धोका सारखा आहे आणि चरबीत तो जास्त वाईट : रक्तवाहिनीत गेलेला थेंब. भुवयांमधल्या, नाकावरच्या आणि कपाळावरच्या बारीक धमन्या डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या आहेत. दाबाने टोचलं तर चरबी उलटी डोळ्यापर्यंत, क्वचित मेंदूपर्यंत जाते. चेहऱ्यात काही टोचल्यावर दृष्टी गेलेल्या ९८ केसेसचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास निम्म्या केसेसमध्ये टोचलेला पदार्थ पेशंटचीच चरबी होता. सगळ्यात धोक्याची जागा भुवयांमधली, तिच्या खालोखाल नाक. म्हणून धारदार सुई नाही, १ मि.लि.पेक्षा मोठी सिरिंज नाही, कॅन्युला सतत हलती, आणि आधी अ‍ॅड्रेनलिनने धमन्या आकसलेल्या. भुवयांच्या मधल्या उभ्या रेषा साठीनंतर चरबीने भरायला कुणी सांगितलं तर मी नाही म्हणतो, तिथे बोटॉक्स पुरतं.

डोळ्यात चरबी गेली तर काही सेकंदांत 'दिसत नाही' अशी तक्रार येते. पेशंट जागा असेल तरच येते, हे मिरजेच्या सरांच्या 'जेमतेम झोपवा' या म्हणण्याला माझं अनुमोदन. तासा-दीड तासात डोळयातील पडदा कायमचा जातो. नेत्रतज्ज्ञ, डोळ्याचा दाब उतरवणं, सगळं करावं, पण फळ क्वचितच मिळतं. संमतीपत्रात 'अंधत्व' हा शब्द मराठीत आणि मोठा लिहिलेला हवा. 'क्वचित दृष्टीविषयक परिणाम' असं लिहिणं ही लपवाछपवी आहे.

---

ड्रेसिंग_ट्रॉली

वॉर्डाच्या बाजूने लिहिते, नंतरचं सगळं आमच्याच गळ्यात पडतं.

चष्मा. साठीच्या पुढे प्रत्येकाला असतो आणि कागदावर कुठेच लिहिलेला नसतो. फ्रेमची खालची कड बरोबर नव्याने भरलेल्या गालावर टेकते. तीन आठवडे हलकी फ्रेम, आणि पहिले दहा दिवस नाकपट्टीतून कागदी चिकटपट्टी कपाळावर घेऊन चष्मा उचलून धरायचा. झोपेत श्वास अडतो म्हणून सीपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) मास्क लावणारे असतील तर आधीच नाकातल्या नळीचा प्रकार मागवा, मोठ्या मास्कचा पट्टा गालावर रुततो.

झोप उताणी, डोक्याखाली दोन उशा. कुशीवर झोपायची चाळीस वर्षांची सवय सुटत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना लोड लावा. गालावर बर्फाची पिशवी दाबून ठेवायची नाही, वजन आणि गारवा दोन्हींनी नवी चरबी मरते. गार पाण्यात पिळलेला रुमाल, हलका, तोही पहिले दोन दिवस. मालिश महिनाभर बंद. घरी येणारी मालिशवाली बाई 'सूज उतरवते' म्हणून बसली की सगळं मुसळ केरात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. त्या दिवशी फोन येतोच. दोन आठवड्यांत बरीच उतरते, खरा चेहरा तीन ते सहा महिन्यांनी. नातवाच्या मुंजीच्या तीन आठवडे आधी करून घेणाऱ्यांना तारीख बदलायला सांगा.

पोटाचा पट्टा म्हाताऱ्या कातडीवर फार घट्ट नको, घडी पडते तिथे फोड येतो. साधी चिकटपट्टी ओढली तर कातडी सोलून निघते, सिलिकॉनची किंवा कागदी वापरा. दुखण्याला पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक नको, टेल्मिसार्टनबरोबर मूत्रपिंडावर येतं. त्याच दिवशी संध्याकाळी घरात चालायला लावा, पायात गुठळी होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो.

आणि कॅन्युला. आतल्या पोकळीत चरबी वाळून बसते. लांब ब्रशने आतून घासून, मग ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणं). ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकात वीस मिनिटं बुडवली आणि नळाच्या पाण्याने विसळली तर निर्जंतुक होत नाही, उलट पाण्यातले जंतू चढतात. तीन ते आठ आठवड्यांनी लालसर गाठी, ताप नाही, नेहमीच्या अँटिबायोटिकने जात नाहीत, हे क्षयाच्या जातभाई जंतूंचं काम. पू काढून एएफबी कल्चरला (याच जंतूंसाठीच्या खास तपासणीला) पाठवावा, नुसत्या साध्या कल्चरमध्ये 'काही उगवलं नाही' येतं आणि दोन महिने वाया जातात.

---

गावचा_दवाखाना

सर्वांचे आभार. या बाईंना आधी दंतवैद्याकडे पाठवतो, एचबीए१सी सातच्या आसपास आणतो, पोटाची सोनोग्राफी करतो. मग बघू. शेवटचा प्रश्न : बऱ्याच जणी चेहऱ्याबरोबर 'हाताच्या शिराही बुजवा' म्हणतात. एकाच वेळी करतात का? आणि मेडिक्लेमबद्दल विचारतात, ते सांगून टाका.

---

सुईदोरा

मेडिक्लेम मिळत नाही, पॉलिसीत सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते. वर अठरा टक्के जीएसटी. उपचारांना असलेली सूट हौसेच्या प्लास्टिक सर्जरीला नाही, अपघात किंवा जन्मजात व्यंग असेल तरच. अंदाजपत्रक करासकट लेखी मागायला सांगा. सर्जनच्या एमसीएच किंवा डीएनबी या प्लास्टिक सर्जरीच्या पदवीची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते.

हात एकाच वेळी करता येतात, चरबी पुरत असेल तर. हाताच्या पाठीला प्रत्येकी १० ते १५ मि.लि. लागते, म्हणजे बारीक बाईत चेहरा की हात असं निवडावं लागतं. मनगटाजवळ आणि बोटांच्या मुळाशी दोन-तीन छिद्रं, बोथट कॅन्युला कातडीच्या लगेच खाली, शिरांच्या आणि कंडरांच्या वर. कातडी चिमटीत उचलून धरली की थर आपोआप सुटतो. शिरा पूर्ण बुजवायचा हट्ट धरू नये. सूज चेहऱ्यापेक्षा जास्त टिकते, दोन-तीन आठवडे मूठ नीट वळत नाही. त्या हाताला सलाइन लावायचं नाही, हे भूलतज्ज्ञांना आधी सांगावं.

---

ड्रेसिंग_ट्रॉली

आणि अंगठ्या, पाटल्या! वर्षानुवर्षं न निघालेल्या पाटल्या टेबलावर साबण लावून काढत बसलो तर हात आधीच लाल होतो. आदल्या दिवशी घरीच काढून याव्यात, निघत नसतील तर सोनाराकडून कापून. नंतर हाताची पाठ भरल्यावर सूज उतरेपर्यंत त्या चढत नाहीत, आणि कुणी जोर करून चढवल्या तर मग उतरत नाहीत. महिनाभर तरी कपाटातच राहू द्याव्यात.